नफा दिसतो, पण पैसा आहे का? रोख प्रवाह पत्रकावरून कंपनीची तरलता कशी तपासावी

२६ जून २०१९ रोजी कॉक्स अँड किंग्ज या मुंबईच्या जुन्या पर्यटन कंपनीला १५० कोटी रुपयांच्या कमर्शियल पेपरचे, म्हणजे बाजारातून उचललेल्या अल्प मुदतीच्या विनातारण कर्जाचे, पैसे देता आले नाहीत. त्याआधी तीनच महिने, ३१ मार्चच्या एकत्रित (उपकंपन्या धरून मांडलेल्या) ताळेबंदात हजार कोटींहून जास्त रोख आणि बँक शिल्लक दिसत होती. ज्यांनी फक्त तो आकडा पाहिला, ते निर्धास्त राहिले. सोबत मोठं कर्जही होतं. एवढी रोख हाताशी असताना कंपनी व्याज भरून कर्ज का वागवते आहे, हा प्रश्न त्याच कागदांवरून विचारता आला असता.

तरलता म्हणजे एका तारखेची शिल्लक नव्हे. देणं ज्या दिवशी द्यायचं त्या दिवशी ते चुकतं करता येईल इतका पैसा हाताशी असणं, ही तरलता. म्हणून पैसा आला कुठून, अडकला कुठे आणि पुढच्या बारा महिन्यांत जायचा कुठे, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. पहिल्या दोहोंची उत्तरं रोख प्रवाह पत्रकात, म्हणजे कॅश फ्लो स्टेटमेंटमध्ये असतात. तिसऱ्यासाठी आर्थिक पत्रकांना जोडलेल्या टिपा चाळाव्या लागतात.

ही पद्धत शेअर घेणाऱ्याला उपयोगी आहेच, कंपनीत मुदत ठेव ठेवणाऱ्यालाही आहे. पण माझ्या मते तिची सर्वांत जास्त गरज मोठ्या कंपनीला नव्वद दिवसांच्या उधारीवर माल देणाऱ्या छोट्या कारखानदाराला असते. गुंतवणूकदाराला शेअर विकून बाहेर पडता येतं. पुरवठादाराचा माल एकदा गेला की परत येत नाही, आणि कंपनी दिवाळखोरीत गेली तर बँकांच्या मागे रांगेत त्याचा नंबर फार खाली लागतो.

पहिली पायरी: कागद गोळा करा

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर आणि बीएसईच्या साइटवर फुकट मिळतो. शेअर बाजारात नसलेल्या कंपनीची आर्थिक पत्रकं केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर माफक शुल्क भरून पाहता येतात. कंपनी कायद्याच्या कलम २(४०) नुसार एकल व्यक्ती कंपनी, छोटी कंपनी आणि निष्क्रिय कंपनी यांना रोख प्रवाह पत्रक देण्यातून सूट आहे. तसं असेल तर दोन वर्षांच्या ताळेबंदांतल्या फरकांवरून ते स्वतः मांडावं लागतं. काम किचकट वाटलं तरी खाली दाखवलेल्या ओळी तशाही निघतात.

एका वर्षाचं पत्रक घेऊन बसू नका. पाच वर्षांचे आकडे एका शीटमध्ये शेजारी शेजारी भरा. आणि स्वतंत्र व एकत्रित अशी दोन्ही पत्रकं घ्या. देणं ज्या कंपनीचं आहे, पैसा त्याच कंपनीच्या खात्यात असावा लागतो. परदेशातल्या उपकंपनीत पडलेली रोख एकत्रित ताळेबंदात दिमाखात दिसते, पण इथला हप्ता भरायला ती वेळेत येईलच असं नाही. तिथल्या कर्जदात्याच्या अटी, कर, भागीदाराचा हिस्सा असे अडथळे मध्ये असतात. पुरवठादाराने तर आधी स्वतंत्र पत्रकच पाहावं, कारण त्याचं बिल त्याच कंपनीवर असतं.

दुसरी पायरी: शेवटची ओळ आधी वाचा

पत्रकाच्या तळाशी ‘रोख आणि रोख समतुल्य’ यांची अखेरची शिल्लक असते. इंड एएस ७ या भारतीय लेखामानकानुसार समतुल्यात साधारणपणे तीन महिन्यांत किंवा त्याआधी मुदत संपणाऱ्या, किंमत फारशी न हलणाऱ्या ठेवीच येतात. ताळेबंदात याच्या खाली ‘इतर बँक शिल्लक’ अशी वेगळी ओळ असते. तिची टीप उघडली की बँक गॅरंटीसाठी ठेवलेली मार्जिन मनी, लिन असलेल्या, म्हणजे बँकेचा हक्क चढलेल्या ठेवी, न वाटलेल्या लाभांशाचं खातं असे तपशील दिसतात. हा पैसा कंपनीचा असला तरी खर्चायला मोकळा नसतो. बांधकाम कंपनीच्या बाबतीत तर रेरा कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के त्या त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्चावे लागतात. तेव्हा अशा कंपनीची बँक शिल्लक पाहून लगेच हुरळून जाऊ नये.

उलटही होतं. अनेक सुस्थितीतल्या कंपन्या जादा पैसा लिक्विड फंडात (लगेच पैसे काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात) ठेवतात आणि तो ‘चालू गुंतवणूक’ या ओळीत जातो. तो रोखीत धरलेला नसतो, पण एक-दोन दिवसांत मिळू शकतो. आपल्या हिशेबात तो जोडून घ्या.

मग एक छोटी भागाकाराची चाचणी करा. वर्षभरात मिळालेल्या व्याजाला सरासरी रोख आणि ठेवींनी भागा. ठेवी हजार कोटींच्या आणि व्याज दहा कोटी, म्हणजे एक टक्का निघाला, तर पैसा वर्षभर तिथे नव्हता किंवा फक्त चालू खात्यात पडून होता. दोन्हींचं कारण विचारावं लागेल. कर्जालाही हीच चाचणी लावा. ३१ मार्चला कर्ज १०० कोटी आणि वर्षभरात भरलेलं व्याज १८ कोटी असेल, तर कंपनी १८ टक्क्यांनी कर्ज घेत असण्यापेक्षा ते वर्षभर १५०-१८० कोटींच्या आसपास होतं आणि मार्चअखेर खाली आणलं, ही शक्यता जास्त.

या चाचणीची मर्यादाही सांगतो. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या रामलिंग राजूंनी कबूल केलं की ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. जमा न झालेलं ३७६ कोटींचं व्याजही येणं म्हणून दाखवलं होतं. बँक शिल्लकच खोटी असेल तर तिच्यावर उभं राहिलेलं रोख प्रवाह पत्रकही खोटंच. अशा वेळी व्याज ‘मिळालं’ की फक्त ‘येणं’ आहे, हा फरक पाहणं एवढंच बाहेरच्या माणसाच्या हातात उरतं.

तिसरी पायरी: कामकाजातला पैसा, ओळ न ओळ

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. चाकणमधली वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिची विक्री वर्षात ४०० कोटींवरून ४८० कोटींवर गेली, करोत्तर नफा ३० कोटी. पत्रकाचा पहिला भाग असा (आकडे कोटी रुपयांत):

करपूर्व नफा: ४०
घसारा: + १८
वित्त खर्च (व्याज): + १४
व्याजाचं उत्पन्न: − २
खेळत्या भांडवलातल्या बदलांपूर्वीचा नफा: ७०
व्यापारी येणी वाढली: − ४६
मालसाठा वाढला: − २२
व्यापारी देणी वाढली: + ३१
ग्राहकांचे आगाऊ पैसे व इतर: + ४
भरलेला कर: − ९
कामकाजातून आलेली निव्वळ रोख: २८

नफा ३० आणि कामकाजातली रोख २८. बहुतेक जण इथे थांबतात, कारण ‘नफ्याचं रोखीत रूपांतर ९३ टक्के’ हे वाक्य ऐकायला चांगलं वाटतं. आपण थांबायचं नाही. वजा-अधिकच्या मधल्या चार ओळींत खरी हकिकत आहे.

येणी ८० कोटींवरून १२६ कोटींवर गेली. विक्री २० टक्के वाढली आणि उधारी ५७ टक्के. दिवसांत मोजू: येणी भागिले विक्री गुणिले ३६५. गेल्या वर्षी ७३ दिवसांत पैसे येत होते, यंदा ९६ दिवस लागत आहेत. याचा अर्थ वाढलेल्या विक्रीचा बराच भाग उधारी सैल करून मिळवलेला असू शकतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माल ढकलला असेल, किंवा एखादा मोठा ग्राहकच अडचणीत असेल.

मालसाठा ६० वरून ८२ कोटींवर गेला. विक्रीपेक्षा जास्त वेगाने, पण हा फरक प्राणघातक नाही. तयार माल वाढला की कच्चा, एवढं टिपेत पाहून पुढे जा. कच्चा माल भाव वाढण्याआधी भरून ठेवला असेल तर तो शहाणपणाही असतो. तयार माल पडून असेल तर मागणी रोडावली आहे का, ते विचारावं लागतं.

आता देणी. ५५ कोटींवरून ८६ कोटी. खरेदी २६० कोटींवरून ३१० कोटींवर गेली, म्हणजे देणी भागिले खरेदी गुणिले ३६५ केलं की पुरवठादारांना पैसे द्यायला लागणारे दिवस ७७ वरून १०१ झाले. कंपनीने आपली वसुलीतली अडचण पुरवठादारांच्या गळ्यात टाकली. खरेदी वाढली तेवढ्याच प्रमाणात देणी वाढली असती तर ती साधारण ६६ कोटी झाली असती, वाढ ३१ ऐवजी ११ कोटींची. म्हणजे कामकाजातल्या २८ कोटींपैकी सुमारे २० कोटी पुरवठादारांचे थकवलेले पैसे आहेत. धंद्याने स्वतः कमावलेली रोख जेमतेम ८ कोटी.

पुरवठादारांना उशिरा पैसे देऊन रोख एकदा वाढवता येते, दरवर्षी नाही. १०१ दिवसांचे १२५ करता येतील, पुढे माल मिळणं बंद होतं. म्हणून या ओळीतून आलेला पैसा मी कायम वेगळा काढून पाहतो.

आणि त्याच वर्षाचं चालू गुणोत्तर पाहा. गेल्या वर्षी चालू मालमत्ता १६७ आणि चालू देणी १२६ कोटी, गुणोत्तर १.३३. यंदा २३२ आणि १७६, गुणोत्तर १.३२. ताळेबंद म्हणतो काहीच बदललं नाही. वसूल न होणारी येणी वाढली की चालू मालमत्ता ‘सुधारते’, हा त्या गुणोत्तराचा दोष आहे.

अमेरिकेत १९७५ साली डब्ल्यू. टी. ग्रँट ही हजारावर दुकानांची साखळी दिवाळखोरीत गेली. १९७३ पर्यंत ती नफा दाखवत होती, १९७४ पर्यंत लाभांशही वाटत होती, पण आधीच्या दशकात बहुतेक वर्षं तिच्या कामकाजातून रोख येत नव्हती, बाहेरच जात होती. ग्राहकांची उधारी आणि दुकानांतला माल यांत सगळं अडकत गेलं. तेव्हा तिथे आजच्यासारखं रोख प्रवाह पत्रक बंधनकारक नव्हतं. आपल्या हातात ते आहे, तर पाच वर्षांची बेरीज जरूर करा: पाच वर्षांचा एकूण नफा आणि पाच वर्षांची कामकाजातली एकूण रोख. एखाद्या वर्षी रोख मागे पडणं चालतं. पाच वर्षांच्या बेरजेत रोख नफ्याच्या निम्म्यावर असेल, तर कंपनी वेगाने वाढते आहे या एकाच कारणावर समाधान मानू नका.

चौथी पायरी: टाळता न येणारी देणी वजा करा

इंड एएस ७ नुसार वित्तसंस्था नसलेल्या कंपन्या भरलेलं व्याज कामकाजात धरत नाहीत, वित्तपुरवठ्याच्या भागात दाखवतात. शिवाय १ एप्रिल २०१९ पासून भाडेकरारांचं मानक इंड एएस ११६ लागू झाल्यावर दुकानं, गोदामं, विमानं यांच्या दीर्घ मुदतीच्या भाड्याचा मोठा भागही त्याच खालच्या भागात गेला. त्यामुळे कामकाजातली रोख पूर्वीपेक्षा फुगलेली दिसते. विमान कंपनी, किरकोळ विक्रीची साखळी किंवा मल्टिप्लेक्स पाहताना हे विसरलात तर चित्र पार उलटं दिसेल, कारण त्यांचं भाडं हाच मोठा खर्च असतो.

आपल्या उदाहरणात वित्तपुरवठ्याचा भाग असा: नवं मुदत कर्ज + ३०, कर्जफेड − १८, कॅश क्रेडिटमध्ये (बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या उचलीत) वाढ + १२, व्याज − १४, लीजची (दीर्घ भाडेकरारांची) मुद्दल − ३, लाभांश − ५. एकूण + २.

कामकाजातल्या २८ कोटींतून व्याजाचे १४ आणि लीजचे ३ काढले, उरले ११. मुदत कर्जाचे हप्ते १८ कोटींचे. यंत्रसामग्रीवर एक रुपयाही खर्च न करता ७ कोटींची तूट. ही तूट नव्या कर्जाने भरली गेली. आणि हे पुरवठादारांच्या २० कोटींसकट आहे. ते काढले तर तूट २७ कोटींवर जाते.

पाचवी पायरी: गुंतवणूक आणि वित्तपुरवठा

गुंतवणुकीच्या भागात आपल्या कंपनीने ३५ कोटी यंत्रांवर घातले, ६ कोटींच्या ठेवी मोडल्या, २ कोटी व्याज मिळालं. निव्वळ − २७. एकूण हिशेब २८ − २७ + २ = ३, म्हणजे रोख ९ वरून १२ कोटी झाली. बाहेरून पाहणाऱ्याला रोख वाढलेली दिसते.

यंत्रांवरचा खर्च घसाऱ्याच्या जवळपास दुप्पट आहे, म्हणजे विस्तार चालू आहे. विस्तारासाठी दीर्घ मुदतीचं कर्ज घेणं योग्यच. पण पाहा, ३० कोटींच्या नव्या मुदत कर्जातले १८ जुने हप्ते फेडण्यातच गेले म्हणायला हवेत. मग विस्ताराचा पैसा आला कुठून? कॅश क्रेडिटमधून, पुरवठादारांकडून आणि मोडलेल्या ठेवींतून. अल्प मुदतीचा पैसा दीर्घ मुदतीच्या यंत्रात घालणं हे कंपन्या अडचणीत येण्याचं जुनं आणि अजूनही सर्वांत नेहमीचं कारण आहे. आणि अशा वर्षात ५ कोटींचा लाभांश वाटणं मला पटत नाही.

सहावी पायरी: वरचा भाग फुगवण्याच्या वाटा ओळखा

पहिली वाट बिल डिस्काउंटिंगची. ३१ मार्चच्या आधी येणी बँकेला विकली की ती ताळेबंदातून नाहीशी होतात आणि कामकाजात रोख जमा होते. ग्राहकाने पैसे दिले नाहीत तर जबाबदारी कंपनीवर परत येते का, हे आकस्मिक देण्यांच्या, म्हणजे काही घडलं तरच अंगावर येणाऱ्या देण्यांच्या टिपेत तपासा. विकलेल्या येण्यांची रक्कम टिपेत दिली असेल तर ती येण्यांत परत मिळवून दिवस पुन्हा मोजा.

दुसरी वाट याच्या उलट, आणि जास्त धोक्याची. बँक कंपनीच्या पुरवठादारांना आधी पैसे देते आणि कंपनी बँकेला तीन-चार महिन्यांनी देते. अर्थाने हे कर्जच, पण ते ‘व्यापारी देणी’ किंवा ‘इतर देणी’ म्हणून दाखवता येतं. ब्रिटनमधली बांधकाम कंपनी कॅरिलियन १५ जानेवारी २०१८ रोजी कोसळली तेव्हा तिच्याकडे २ कोटी ९० लाख पौंड रोख होती आणि देणी सुमारे ७०० कोटी पौंडांची. पुरवठादारांना १२० दिवसांची मुदत लावून, लवकर पैसे हवे असतील तर बँकेकडून घ्या, अशी तिची योजना होती. त्यातली ४० ते ५० कोटी पौंडांची रक्कम कर्जात धरायला हवी होती, असं मानांकन संस्थांनी नंतर सांगितलं. कंपनी कोसळल्यावर हजारो छोटे उपकंत्राटदार अडकले. तेव्हा ‘इतर चालू देणी’ ही ओळ अचानक वाढली असेल तर तिची टीप शेवटपर्यंत वाचा. त्यात ‘अ‍ॅक्सेप्टन्सेस’ (कंपनीने स्वीकारलेल्या, पुढे द्यायच्या हुंड्या) हा शब्द दिसला तर ती रक्कम मी तरी कर्जात धरतो.

तिसरी वाट खर्चाचं भांडवल करण्याची. रोजचा खर्च मालमत्ता म्हणून नोंदवला की तो कामकाजातून निघून गुंतवणुकीच्या भागात जातो. नफाही वाढतो, कामकाजातली रोखही वाढते. वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीने हेच केलं होतं. जून २००२ मध्ये पहिल्यांदा जाहीर झालेला आकडा ३८० कोटी डॉलरचा होता. औषध आणि सॉफ्टवेअर कंपन्यांत ‘विकासाधीन अमूर्त मालमत्ता’ (अजून तयार होत असलेलं संशोधन, सॉफ्टवेअर वगैरे) ही ओळ दरवर्षी वाढते आहे का, ते पाहा. खात्रीचा उपाय म्हणजे कामकाजातल्या रोखीतून यंत्रं आणि अमूर्त मालमत्ता या दोन्हींवरचा खर्च वजा करून येणारा आकडा वापरणं. खर्च कुठल्याही भागात टाकला तरी त्या आकड्यातून सुटत नाही.

सातवी पायरी: पुढच्या बारा महिन्यांचा हिशेब मांडा

आतापर्यंत मागे पाहिलं. देणी मात्र पुढची द्यायची आहेत. कर्जाच्या टिपेत ‘दीर्घ मुदतीच्या कर्जाचे चालू हप्ते’, म्हणजे पुढच्या बारा महिन्यांत द्यायचे हप्ते असतात. आपल्या कंपनीचे ते २१ कोटी. कर्ज वाढल्यामुळे व्याज १५ धरू, लीज ३. भांडवली बांधिलकीच्या टिपेत यंत्रांसाठी आधीच देऊन ठेवलेल्या ऑर्डरचे १० कोटी. एकूण ४९ कोटी, यातून सुटका नाही.

आता साधनं. रोख १२ कोटी. कॅश क्रेडिटची मर्यादा ५५ कोटी, वापर ४९, म्हणजे ६ कोटी शिल्लक. कामकाजातून पुन्हा ७० कोटी येतील, कर ९ जाईल, उरले ६१. विक्री वाढणार नाही, येणी आणि साठा आहे तिथेच राहील, पण पुरवठादार पुन्हा ७७ दिवसांवर आग्रह धरतील असं समजू. त्यासाठी २१ कोटी बाहेर जातील. उरले ४०. अधिक १२, अधिक ६, एकूण ५८ कोटी. ४९ वजा केले की ९ कोटी उरतात.

म्हणजे नफा कायम राहिला, एकही ग्राहक नव्याने थकला नाही, तरी उशीला, म्हणजे अडीअडचणीसाठी हाताशी, ९ कोटी. येणी आणखी फक्त १५ कोटींनी वाढली, गेल्या वर्षीच्या वाढीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, तर ६ कोटींची तूट. अशा कंपनीला मी माल दिला असता, पण नव्वद दिवसांवर नाही आणि एकाच बिलावर मोठी रक्कम गुंतवून तर नाहीच.

हा तक्ता दोन-तीन प्रकारे मांडून पाहा: नफा २० टक्क्यांनी कमी झाला तर, बँकेने मर्यादा वाढवली नाही तर, मोठा ग्राहक महिनाभर उशिरा पैसे देऊ लागला तर. ‘चांगल्या कंपनीचं गुणोत्तर इतकंच असावं’ असा सर्वांना लागू पडणारा आकडा शोधण्यात अर्थ नाही. त्याच धंद्यातल्या दोन कंपन्या शेजारी ठेवल्या की कोणाची उशी पातळ आहे ते लगेच कळतं.

आठवी पायरी: दुसऱ्यांचं म्हणणं ताडून पाहा

लेखापरीक्षकाच्या अहवालाला कारो २०२० चं, म्हणजे त्याने कुठल्या बाबींवर लिहायचं हे ठरवणाऱ्या सरकारी आदेशाचं, परिशिष्ट जोडलेलं असतं. त्यातली चार कलमं तरलतेची आहेत. कलम (ix) मध्ये कर्जफेडीत कसूर झाली का आणि अल्प मुदतीचा पैसा दीर्घ मुदतीच्या कामाला वापरला का, हे लिहावं लागतं. कलम (ii) मध्ये ५ कोटींहून जास्त खेळत्या भांडवलाची मर्यादा असेल तर बँकेला दिलेली तिमाही पत्रकं वहीशी जुळतात का, ते येतं. न जुळणारा तक्ता दिसला तर तो नीट वाचा, कारण बँकेला साठा आणि येणी जास्त दाखवण्याचा मोह तिथेच पकडला जातो. कलम (xvii) मध्ये रोख तोटा झाला का, आणि कलम (xix) मध्ये एका वर्षात देय होणारी देणी कंपनी देऊ शकेल का, यावर लेखापरीक्षकाचं मत असतं.

कंपनी कायद्याच्या शेड्यूल ३ मध्ये २०२१ साली झालेल्या बदलांमुळे येणी आणि देणी यांची वयोमानानुसार वर्गवारीही मिळते. येणी सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते एक वर्ष, मग एक-दोन, दोन-तीन आणि तीन वर्षांवरची. सहा महिन्यांवरची येणी वाढत असतील तर वरचे ९६ दिवस ही सरासरी आहे आणि आत काही बिलं कायमची बुडालेली आहेत असं समजा. देण्यांच्या तक्त्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांची रक्कम वेगळी असते. एमएसएमईडी कायदा २००६ नुसार त्यांना कमाल ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. या व्याजाची टीप कोरी नसेल, तर कंपनी छोट्यांनाही वेळेत पैसे देत नाही हे तिनेच लिहून दिलं आहे.

आणखी एक फुकटचा ठेवा म्हणजे क्रिसिल, इक्रा, केअर यांसारख्या मानांकन संस्थांची टिपणं. त्यांत तरलतेवर स्वतंत्र परिच्छेद असतो, तिला भक्कम, पुरेशी, ताणलेली, कमकुवत अशा अर्थाचं विशेषण दिलेलं असतं आणि अनेकदा गेल्या बारा महिन्यांत बँक मर्यादेचा सरासरी वापर किती झाला, ते टक्क्यांत लिहिलेलं असतं. सरासरी वापर ९० टक्क्यांच्या वर असेल तर ३१ मार्चची शिल्लक कितीही गोड दिसो, कंपनी वर्षभर काठावर चालते आहे. शेअर बाजारात नसलेल्या अनेक कंपन्यांचीही टिपणं सापडतात, म्हणून पुरवठादारांनी ती आवर्जून शोधावीत.

हंगामी धंदे आणि ही पद्धत न लागणाऱ्या कंपन्या

साखर कारखान्याचं ३१ मार्चचं पत्रक एकट्याने वाचू नका. महाराष्ट्रात गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे उसाचा केंद्राने ठरवलेला किमान दर, १४ दिवसांत द्यायची असते, पण साखर वर्षभर आणि केंद्राने दिलेल्या मासिक कोट्यातच विकायची असते. त्यामुळे मार्चअखेर गोदाम भरलेलं आणि बँकेचं तारण कर्ज शिखरावर. इथे साठ्यातली वाढ हा आजार नसतो. खरा प्रश्न ३० सप्टेंबरला कर्ज किती खाली आलं हा असतो. सेबीच्या नियमांनुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या सहामाहीचंही रोख प्रवाह पत्रक देतात, ते अशा धंद्यांत वार्षिक पत्रकाइतकंच महत्त्वाचं. उसाच्या थकीत बिलांची ओळ मात्र मार्चमध्येच पाहा. सहकारी कारखाने कंपनी कायद्याखाली येत नाहीत, त्यांचे अहवाल वेगळ्या नमुन्यात असतात.

बँका आणि एनबीएफसींना (बँक नसलेल्या वित्त कंपन्यांना) यांतलं फारसं काही लागू करू नका. कर्ज देणं हेच त्यांचं कामकाज असल्यामुळे वेगाने वाढणाऱ्या एनबीएफसीची कामकाजातली रोख उणेच दिसते, त्यात वावगं काही नाही. तिथे मुदतींचा मेळ पाहावा लागतो. पुढच्या एका महिन्यात, तीन महिन्यांत, वर्षभरात परत येणारी कर्जं किती आणि फेडायची देणी किती, याचा तक्ता वार्षिक अहवालात असतो. २०१८ मध्ये पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी आयएल अँड एफएस अडखळली तेव्हा नेमका हाच मेळ बिघडलेला होता: पैसा वर्षानुवर्षं चालणाऱ्या रस्ते आणि वीज प्रकल्पांत गुंतलेला, आणि त्यातला मोठा भाग बाजारातून अल्प मुदतीने उचललेला.